मॅग्नेशियम घातलेल्या लिथियम नायोबेटमध्येही प्रकाशीय हानी का दिसते?

प्रश्न (हरितकिरण)

नमस्कार. अरेषीय प्रकाशिकीवर माझे प्रबंधाचे काम चालू आहे आणि गेले तीन आठवडे मी एकाच ठिकाणी अडलो आहे. १०६४ नॅनोमीटरच्या सलग लेझरपासून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश मिळवण्यासाठी मी लिथियम नायोबेटचा २० मिलिमीटर लांबीचा स्फटिक वापरतो. पुरवठादाराच्या चिठ्ठीवर ‘मॅग्नेशियम ऑक्साइड ५ मोल टक्के’ असे लिहिलेले आहे. स्फटिक छोट्या ओव्हनमध्ये ठेवलेला असून ८१ अंश सेल्सिअसला हिरवा प्रकाश सर्वाधिक मिळतो. पहिली दहा मिनिटे सगळे सुरळीत चालते. नंतर हिरवा ठिपका हळूहळू विस्कटू लागतो आणि शक्तीही उतरते.

शंका आली म्हणून मी स्फटिक ओव्हनमधून बाहेर काढला आणि ५३२ नॅनोमीटरच्या स्वतंत्र लेझरचा १०० मिलिवॉटचा किरण, ध्रुवण सी-अक्षाला (स्फटिकाच्या मुख्य सममिती-अक्षाला) समांतर ठेवून, साध्या खोलीच्या तापमानाला त्यात केंद्रित केला. समोरच्या पांढऱ्या कागदावरचा गोल ठिपका दोन-तीन मिनिटांत सी-अक्षाच्या दिशेने ताणला गेला. आधी तो लंबगोल दिसत होता, नंतर त्याच्या मधोमध काळसर फट पडली आणि दोन्ही बाजूंना प्रकाशाची पिसे फुटल्यासारखी दिसू लागली. लेझर बंद करून रात्रभर स्फटिक तसाच ठेवला. सकाळी अगदी कमी शक्तीचा किरण त्याच जागेतून पाठवला, तरी ठिपका पहिल्या क्षणापासूनच विस्कटलेला होता. स्फटिक अर्धा मिलिमीटर बाजूला सरकवताच ठिपका पुन्हा स्वच्छ झाला.

मॅग्नेशियम घातले की प्रकाशीय हानी थांबते, असे मी सगळीकडे वाचले आहे. मग इथे ती का थांबली नाही? आणि या हानीचे मूळ लोहाच्या अशुद्धीत असेल, तर लोह काढून टाकण्याऐवजी मॅग्नेशियम घालण्यामागचा विचार काय आहे? पुढचा स्फटिक मागवताना मॅग्नेशियमचे प्रमाण वाढवून मागावे, की झिर्कोनियमसारख्या दुसऱ्या मूलद्रव्याकडे वळावे, हेही कळत नाही.

उत्तर (लेझरटेबल)

आधी एक गैरसमज टाळू या. इथे ‘हानी’ म्हणजे स्फटिक फुटणे किंवा पृष्ठभाग जळणे नव्हे. प्रकाशामुळे स्फटिकात विद्युतभार एका जागेहून दुसऱ्या जागी जातात, त्यांच्या क्षेत्रामुळे अपवर्तनांक बदलतो आणि किरण त्या बदललेल्या भागातून जाताना वाकडातिकडा होतो. स्फटिकाची जाळी मात्र शाबूत राहते. बेल प्रयोगशाळेत आर्थर अ‍ॅश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ही गोष्ट प्रथम नोंदवली. तेव्हा ती केवळ उपद्रव वाटली होती. पुढे दोनच वर्षांत याच उपद्रवाचा उपयोग करून त्याच प्रयोगशाळेत लिथियम नायोबेटमध्ये होलोग्राम साठवले गेले.

ठिपका विस्कटण्याची आणखी दोन कारणे असू शकतात, पण आपल्या निरीक्षणांत ती दोन्ही बाद होतात. उष्णतेने तयार होणारे भिंग लेझर बंद केल्यावर काही क्षणांत नाहीसे होते, ते रात्रभर टिकत नाही. शिवाय त्यामुळे ठिपका एकाच अक्षावर इतका ताणला जात नाही. दुसरे कारण पायरोइलेक्ट्रिक भारांचे. ओव्हनचे तापमान बदलले की सी-अक्षाच्या दोन्ही टोकांवर भार साचतात आणि त्यांचेही क्षेत्र अपवर्तनांक बदलते. पण तो परिणाम संपूर्ण स्फटिकभर असतो, त्यामुळे अर्धा मिलिमीटर सरकल्याने ठिपका स्वच्छ झाला नसता. तरीही सी-अक्षाला लंब असलेल्या दोन्ही बाजूंना चांदीचा वाहक लेप लावून त्या तारेने जोडून टाका. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि पुढच्या मोजमापांतला मोठा गोंधळ त्यामुळे वाचतो.

थोडक्यात, आपल्याला दिसते आहे ती खरीखुरी प्रकाशीय हानीच आहे. ती का होते, हे माझ्यापेक्षा सिद्धान्ताची माणसे नीट सांगतील.

उत्तर (रिक्तजागा)

लोह काढण्याऐवजी मॅग्नेशियम का, हा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

लिथियम नायोबेटमध्ये लोह दोन रूपांत असते, द्विसंयुजी आणि त्रिसंयुजी. प्रकाशामुळे द्विसंयुजी लोहातून इलेक्ट्रॉन सुटतो, आणि या स्फटिकाला सममिती-केंद्र नसल्यामुळे तो सर्व दिशांना सारखा न जाता सी-अक्षाच्या एका दिशेने अधिक ढकलला जातो. बाहेरून व्होल्टेज न लावताही प्रकाशित भागात विद्युतधारा वाहते ती यामुळेच, आणि तिला स्थूल फोटोव्होल्टाइक धारा म्हणतात. हे इलेक्ट्रॉन किरणाच्या कडेला, अंधाऱ्या भागात, त्रिसंयुजी लोहाच्या सापळ्यात अडकतात. त्यामुळे एका कडेला ऋण आणि दुसऱ्या कडेला धन भार साचत जातो, आणि आपला ठिपका सी-अक्षाच्याच दिशेने ताणला गेला त्याचे कारणही हेच. साचलेल्या भारांचे क्षेत्र सेंटीमीटरमागे १० किलोव्होल्ट झाले, तर असाधारण किरणासाठी (ज्याचे ध्रुवण सी-अक्षाला समांतर असते त्यासाठी) अपवर्तनांकातला बदल साधारण ०.०००१६ इतका होतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण २० मिलिमीटरच्या वाटेवर ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी हा सुमारे सहा तरंगलांब्यांचा फरक आहे. इतका फरक किरणाचा आकार बिघडवायला पुरून उरतो.

हे क्षेत्र कुठवर वाढेल? फोटोव्होल्टाइक धारा भार साचवते आणि प्रकाशामुळेच वाढलेली वाहकता, म्हणजे प्रकाशवाहकता, ते भार परत वाहून नेते. दोन्ही बरोबरीला आल्या की वाढ थांबते, म्हणून अंतिम क्षेत्र म्हणजे या धारेला वाहकतेने भागून येणारी राशी. आता धारा द्विसंयुजी लोहाच्या प्रमाणात वाढते. प्रकाशवाहकता मात्र द्विसंयुजी लोहाला त्रिसंयुजी लोहाने भागून येणाऱ्या गुणोत्तराच्या प्रमाणात बदलते, कारण त्रिसंयुजी लोह सुटलेले इलेक्ट्रॉन गिळत असते. भागाकार केला की द्विसंयुजी लोह आणि प्रकाशाची तीव्रता दोन्ही कटतात, आणि क्षेत्र केवळ त्रिसंयुजी लोहावर अवलंबून असल्याचे दिसते. ऑक्सिजनमध्ये तापवून हानी कमी करण्याचा सल्ला कधी लागू पडतो आणि कधी फसतो, त्याचे मूळ इथे आहे. ऑक्सिडेशनने हानीचा वेग मंदावतो हे खरे. पण प्रकाशवाहकता जोवर अंधारातल्या वाहकतेपेक्षा बरीच मोठी आहे, तोवर अंतिम क्षेत्र कमी होत नाही.

आता शुद्धीकरणाचा विचार करू. लोह दशलक्षात काही भाग इतके अल्प उरले, तरी हानी दिसते. कच्च्या मालातून ते आणखी कमी करणे शक्य आहे, पण अडचण तिथेच संपत नाही, कारण या स्फटिकात लोहाखेरीज एक जन्मजात दोषही आहे. नेहमीचा, म्हणजे ‘काँग्रुअंट’ रचनेचा, स्फटिक ज्या रसातून वाढवतात त्यात लिथियम ऑक्साइडचे प्रमाण ५० नव्हे, तर सुमारे ४८.५ मोल टक्के असते. लिथियमची तूट भरून काढण्यासाठी लिथियमच्या सुमारे १ टक्का जागांवर नायोबियम जाऊन बसतो. या नायोबियमवर धन पाच भार आणि जागा एका भाराची, त्यामुळे प्रत्येक नायोबियममागे लिथियमच्या चार जागा रिकाम्या राहतात. चुकीच्या घरात बसलेला हा नायोबियमही इलेक्ट्रॉन पकडतो, आणि प्रकाशाची तीव्रता जास्त असते तेव्हा त्याचा त्रास विशेष जाणवतो. मघाशी मी ज्या हिशेबात तीव्रता कटल्याचे दाखवले, तो हिशेब अशा तीव्रतांना कोलमडतो, कारण दुसरे सापळे खेळात उतरलेले असतात.

मॅग्नेशियम काम करते ते इथे. तेही लिथियमच्याच जागांवर जाते आणि तिथल्या नायोबियमला हटवत नेते. हे नायोबियम संपले की पुढचे मॅग्नेशियम लिथियमच्या जागांबरोबर नायोबियमच्या जागांवरही बसू लागते. याच टप्प्यावर त्रिसंयुजी लोहसुद्धा लिथियमची जागा सोडून नायोबियमच्या जागेवर जाते, आणि तिथे त्याची इलेक्ट्रॉन पकडण्याची क्षमता खूप घटते. म्हणजे लोह स्फटिकात तेवढेच राहते, फोटोव्होल्टाइक धाराही साधारण तेवढीच राहते, परंतु सापळे बोथट झाल्यामुळे प्रकाशवाहकता सुमारे शंभरपट वाढते आणि साचू पाहणारे भार साचण्याआधीच वाहून जातात. मॅग्नेशियमचे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या पुढे गेले की हानी एकदम कमी होते, हे चिनी संशोधकांनी १९८० साली दाखवले होते, आणि १९८४ साली अमेरिकेतील ब्रायन, गर्सन आणि टोमाश्के यांनी ही सुधारणा प्रकाशवाहकतेमुळे होते हे मोजून सिद्ध केले.

म्हणून ‘मॅग्नेशियम हानी थांबवते’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. ते भार सुटण्याला आळा घालत नाही, सुटलेल्या भारांना परतीची वाट मोकळी करून देते. आणि ही वाट हळूहळू रुंदावत जात नाही, उंबरठा ओलांडल्यावरच उघडते. ३ टक्के मॅग्नेशियमचा स्फटिक ५ टक्केवाल्याच्या तीनपंचमांश चांगला असेल अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ती सोडून द्यावी. व्यवहारात तो बिनमॅग्नेशियमच्या स्फटिकाच्याच पंक्तीत बसतो.

उत्तर (भट्टीजवळचा)

मी हे स्फटिक वाढवण्याच्या कामात बरीच वर्षे आहे. वरचे विवेचन वाचताना माझी नजर प्रश्नातल्या एकाच आकड्यावर अडकून राहिली, ती म्हणजे ८१ अंशांवर.

किरण सी-अक्षाला लंब जात असताना १०६४ ते ५३२ या रूपांतरासाठी लागणारे तापमान स्फटिकाच्या रचनेवर फार बारकाईने अवलंबून असते. बिनमॅग्नेशियमच्या काँग्रुअंट स्फटिकात ते शून्य अंशाच्या आसपास येते, तर ५ मोल टक्के मॅग्नेशियमच्या स्फटिकात सुमारे १०७ अंशांना. मॅग्नेशियम वाढवत नेले की हे तापमान उंबरठ्यापर्यंत चढते आणि नंतर उतरू लागते. आपले ८१ अंश हे ५ टक्क्यांच्या स्फटिकाचे लक्षण नव्हे. मॅग्नेशियम एक तर बरेच कमी आहे किंवा बरेच जास्त. हानी दिसते आहे, त्याअर्थी कमीच असावे असा माझा कयास आहे. अर्थात ओव्हनमधील संवेदक स्फटिकापासून लांब बसवला असेल, तर वीसेक अंशांची चूक सहज होते, तेव्हा ते एकदा तपासून घ्या.

चिठ्ठीवर ५ आणि स्फटिकात कमी, असे कसे होते? चिठ्ठीवरचा आकडा बहुधा मुशीतल्या रसाचा असतो. चोक्राल्स्की पद्धतीने स्फटिक वर खेचताना रसातले मॅग्नेशियम आणि स्फटिकात शिरणारे मॅग्नेशियम यांचे प्रमाण तंतोतंत सारखे नसते. मॅग्नेशियम कमी असताना ते रसापेक्षा स्फटिकात अधिक शिरते, म्हणजे खांद्याकडचा, आधी वाढलेला, भाग श्रीमंत आणि शेपटीकडचा, शेवटी वाढलेला, गरीब. पाचाच्या जवळपास हा फरक बराच कमी होतो, पण रस कालवताना वजनात किंचित कसूर झाली असेल, तर शेपटीकडचे तुकडे उंबरठ्याखाली घसरतात. फार वर्षांपूर्वी मी स्वतः एका बूलचे (रसातून खेचलेल्या अखंड स्फटिकाचे) दहा तुकडे कापून एकाच चिठ्ठीखाली दिले होते आणि त्यांतले शेवटचे दोन परत आले होते. तेव्हापासून प्रत्येक बूलची दोन्ही टोके मोजल्याशिवाय मी एकही तुकडा पुढे जाऊ देत नाही.

आपल्याकडे एफटीआयआर, म्हणजे अवरक्त शोषण मोजणारे, यंत्र असेल, तर शंका एका दुपारी मिटेल. हवेत वाढवलेल्या लिथियम नायोबेटमध्ये थोडा हायड्रोजन असतोच, आणि ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचा शोषणपट्टा काँग्रुअंट स्फटिकात ३४८४ प्रति सेंटीमीटर या तरंगसंख्येच्या आसपास दिसतो. मॅग्नेशियमने उंबरठा ओलांडला की तोच पट्टा ३५३५ च्या आसपास उडी घेतो. तो मध्ये कुठे रेंगाळत नाही, म्हणूनच ही खूण भरवशाची आहे. हे बंध सी-अक्षाला लंब असलेल्या प्रतलात असतात, त्यामुळे आपल्या तुकड्यातून मोजताना अवरक्त प्रकाशाचे ध्रुवण सी-अक्षाला लंब ठेवा, नाहीतर पट्टा जवळजवळ दिसणारच नाही आणि हायड्रोजनच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल. लांब बाजूने मोजू नका, आडव्या जाडीतून मोजा.

प्रश्नकर्त्याची भर (हरितकिरण)

सर्वांचे मनापासून आभार. संवेदक तपासला. तो स्फटिकाखालच्या तांब्याच्या पट्टीतच आहे आणि वेगळ्या थर्मोकपलने पडताळल्यावर फरक दोन अंशांहून कमी आला.

एफटीआयआरमध्ये पट्टा ३४८५ वर आला. ३५३५ जवळ काहीच नाही, साधा उंचवटाही नाही. पहिल्या प्रयत्नात मी ध्रुवकाची दिशा चुकवली होती आणि सपाट रेषा पाहून थोडा वेळ घाबरलो होतो. आपली सूचना पुन्हा वाचून ध्रुवक ९० अंशांनी फिरवला आणि पट्टा लख्ख वर आला.

म्हणजे स्फटिक उंबरठ्याखालचाच आहे. पुरवठादाराशी पत्रव्यवहार सुरू केला आहे. दरम्यान दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नवा स्फटिक हाती येईपर्यंत या तुकड्यावर काम पुढे रेटता येईल का? आणि नवा मागवताना सुरक्षित बाजूला राहण्यासाठी ७ टक्के मॅग्नेशियम मागावे का?

उत्तर (भट्टीजवळचा)

सात मागू नका. उंबरठ्याच्या जरासे पुढे, म्हणजे ५ ते ५.५ च्या दरम्यान, थांबणे चांगले. त्यापुढे हानीच्या बाबतीत मिळकत थोडी आणि स्फटिकाची प्रत मात्र ढासळते, म्हणजे वाढीच्या रेषा, अपवर्तनांकातील चढउतार आणि कापताना तडे. ऑर्डरमध्ये नुसती टक्केवारी लिहू नका. ‘ऑक्सिजन-हायड्रोजन पट्टा ३५३५ च्या आसपास असलाच पाहिजे आणि मोजणी त्याच तुकड्याची असावी’ अशी अट घाला. चांगल्या पुरवठादाराला यात काही वावगे वाटणार नाही.

उत्तर (रिक्तजागा)

दुसऱ्या मूलद्रव्यांबद्दल प्रश्नात विचारले होते, ते राहून गेले. जस्तही मॅग्नेशियमप्रमाणे द्विसंयुजी आहे, पण त्याचा उंबरठा अधिक, सुमारे ७ टक्के आहे. स्कॅन्डियम आणि इंडियम त्रिसंयुजी असून ते कमी प्रमाणात पुरतात. चतुःसंयुजी झिर्कोनियम मला सर्वांत रोचक वाटते. त्याचा उंबरठा २ मोल टक्क्यांच्या आसपास आहे आणि रस व स्फटिक यांतले त्याचे प्रमाण जवळजवळ सारखे राहते, त्यामुळे खांदा आणि शेपटी यांची वर सांगितलेली तक्रार बरीचशी मिटते. हाफ्नियमचेही थोडेफार असेच आहे. अतिनील प्रकाशातला फरक तर लक्षात ठेवण्याजोगा आहे. दृश्य प्रकाशात हानीला पुरून उरणारा मॅग्नेशियमचा स्फटिक ३५१ नॅनोमीटरला उलट अधिक संवेदनशील होतो, तर झिर्कोनियमचा तिथेही टिकाव धरतो. आपले काम ५३२ वर थांबणार असेल, तर मॅग्नेशियम पुरेसे आहे आणि ते सहज मिळते. पुढे तिसऱ्या पटीची वारंवारता घ्यायची असेल, तर मात्र झिर्कोनियमचा विचार करावा.

‘स्टोइकिओमेट्रिक’, म्हणजे लिथियम आणि नायोबियम समप्रमाणात असलेल्या, स्फटिकाचे नाव कोणी सुचवले, तर एक खबरदारी घ्या. लिथियमची तूट भरून काढल्यावर जन्मजात दोष घटतात हे खरे, पण त्यामुळे असा स्फटिक आपोआप हानीरोधक होत नाही. त्यातही मॅग्नेशियम लागतेच, फक्त हटवायला चुकीच्या जागचे नायोबियम कमी असल्यामुळे सुमारे १ टक्का पुरते. स्फटिकाचे स्वतःचे विद्युत ध्रुवण ठरावीक अंतराने उलटवून आवर्ती रचना करणाऱ्यांना त्याचा आणखी एक फायदा होतो. काँग्रुअंट स्फटिकात ध्रुवण उलटवायला मिलिमीटरमागे सुमारे २१ किलोव्होल्ट लागतात, आणि मॅग्नेशियम किंवा लिथियमच्या भरपाईने ही गरज कितीतरी पटींनी उतरते.

उत्तर (लेझरटेबल)

हातातल्या तुकड्याबद्दल मी सांगतो. बिघडलेल्या जागा पुसता येतात. स्फटिक २०० अंशांच्या वर नेऊन काही तास ठेवा आणि मिनिटाला दोन-तीन अंश अशा सावकाश गतीने चढवा-उतरवा. पायरोइलेक्ट्रिक भारांमुळे घाईत स्फटिक तडकतो, म्हणून चांदीचा लेप आणि तार तशीच राहू द्या. १५० अंशांवर थांबण्याचा मोह मात्र टाळा. त्या तापमानाला स्फटिकातले प्रोटॉन सरकून इलेक्ट्रॉनांच्या नक्षीवर आपली उलटी नक्षी बसवतात, तर सापळ्यातले इलेक्ट्रॉन तितक्या सहज सुटत नाहीत. होलोग्राम कायम करण्यासाठी हीच युक्ती वापरतात. आपल्याला नेमके त्याच्या उलट हवे आहे.

पुसल्यावर काम पुढे रेटता येईल, पण रूपांतराचे तापमान ८१ ला बांधलेले असल्यामुळे स्फटिक तापवून हानी टाळण्याची सोय आपल्याला नाही. आवर्ती ध्रुवणाचे बिनमॅग्नेशियमचे स्फटिक १५० ते २०० अंशांवर चालवतात, कारण तिथे आवर्तन हव्या त्या तापमानासाठी निवडता येते. आपण केंद्रबिंदू थोडा सैल करा, मोजणी पाच-सात मिनिटांच्या तुकड्यांत घ्या आणि प्रत्येक तुकड्यानंतर स्फटिक सी-अक्षाच्या दिशेने अर्धा मिलिमीटर सरकवा. सरकवलेल्या जागा वहीत लिहून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी आपण नकळत पहिल्याच दिवसाच्या जागेवर येऊन बसाल.

प्रश्नकर्त्याची भर (हरितकिरण)

काल २२० अंशांवर सहा तास ठेवून आज सकाळी पाहिले. जुन्या जागेतून कमी शक्तीचा किरण पाठवल्यावर ठिपका गोल आहे. आता पाच मिनिटांच्या तुकड्यांत मोजणी सुरू केली आहे. पुरवठादाराने त्याच बूलच्या खांद्याकडचा एक तुकडा पाठवण्याचे कबूल केले आहे. तो आला की आधी एफटीआयआर आणि रूपांतराचे तापमान मोजून दोन्ही आकडे इथे लिहीन.